दान एकदाचे, दिवाबत्ती रोजची

घनसावंगी तालुक्यातील जुन्या गावांचे सातबारे चाळले, तर मारुतीच्या देवळाच्या किंवा एखाद्या पिराच्या नावाने लागलेली जमीन बहुतेक ठिकाणी सापडते. गावातल्या शाळेच्या भिंतीवर खोली बांधून देणाऱ्याची संगमरवरी पाटी दिसते. अलीकडच्या दहा-पंधरा वर्षांत त्यात तिसरी खूण आली आहे. बंधाऱ्याच्या कडेला किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राशेजारी कंपनीच्या वा एखाद्या प्रतिष्ठानच्या नावाचा लोखंडी फलक उभा असतो. जमीन, पाटी आणि फलक या दानाच्या तीन काळांच्या तीन खुणा आहेत.

दानाचा इतिहास आपल्याकडे बहुधा दात्याचे चरित्र म्हणून लिहिला जातो. कोणी किती दिले, का दिले, त्याचे मन किती मोठे होते, यावर पाने भरतात. मला या तिन्ही काळांना एक साधा, घरखर्चाचा प्रश्न विचारायचा आहे. संस्था उभी राहिल्यानंतर तिचा रोजचा खर्च कोणी भागवायचा, याची सोय दात्याने केली होती का? इमारत एकदा बांधावी लागते. झाडलोट रोज करावी लागते. तलाव एकदा खोदतात, गाळ दर पावसाळ्यात येतो. जुन्या कागदपत्रांत या रोजच्या खर्चाला नेमका शब्द आहे: दिवाबत्ती.

जमीन लावून देण्याची रीत

घनसावंगी पूर्वी अंबड तालुक्यात होते. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच पट्ट्यातले. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात असल्याने इनामांची भाषा फार्सी वळणाची राहिली. मराठवाड्यातील महसूल कार्यालयांत आजही दोन शब्द रोजच्या वापरात आहेत: मदतमाश आणि खिदमतमाश. माश म्हणजे उपजीविका. एखाद्या माणसाला किंवा घराण्याला मदत म्हणून दिलेली जमीन ती मदतमाश. देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. दुसऱ्या प्रकारात जमीन कसणाऱ्याचा हक्क सेवेशी बांधलेला असे. दिवा लावायचा, झाडलोट करायची, उत्सव पार पाडायचा आणि त्या बदल्यात पीक घ्यायचे.

या व्यवस्थेतला व्यवहार बारकाईने पाहण्यासारखा आहे. दाता रोख रक्कम देत नव्हता, उत्पन्नाचे साधन देत होता. तेलाचा भाव वाढला तर ज्वारीचाही भाव वाढे. त्यामुळे महागाईने दान आटत नसे. दाता मेला, त्याचे राज्य गेले, तरी जमीन जागेवर राही. आजच्या भाषेत ज्याला कायम निधी म्हणतात, तो त्या काळी काळ्या मातीच्या रूपात होता.

जालना शहरात सोळाव्या शतकात जमशेदखानाने काळी मशीद बांधली. तिच्याबरोबर सराई आणि हमाम उभारले आणि मोती तलाव खोदून तिथले पाणी जमिनीखालच्या नळांतून गावात आणले. प्रार्थनास्थळ, प्रवाशांची सोय आणि शहराचा पाणीपुरवठा या तीन गोष्टी एकाच दानात बसवलेल्या होत्या. धार्मिक दान वेगळे आणि सार्वजनिक काम वेगळे, ही आजची वाटणी तेव्हा फारशी नव्हती.

पण या रीतीचे गोडवे गाऊन थांबता येत नाही. तिचे दोन दोष मोठे होते. पहिला दोष असा की सेवा वंशपरंपरेने चाले. पिढ्या उलटल्या की सेवा विसरली जाई आणि जमीन मात्र घरात राही. हैदराबाद राज्याला १९५२ मध्ये अतियात चौकशीचा कायदा करावा लागला आणि १९५४ मध्ये इनामे रद्द करण्याचा. दुसऱ्या कायद्यातून धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे वगळली गेली, पण जमीन नेमकी संस्थेची की सेवेकऱ्याची, हा वाद मिटला नाही. तो महसूल न्यायालयांत अजून चालू आहे.

दुसरा दोष अधिक खोल. कायमच्या दानात दात्याच्या काळाचे नियमही कायमचे होत. ज्या देवळाला गावाच्या जमिनीतून उत्पन्न लावून दिले, त्याच देवळाची पायरी गावातल्या कित्येकांना चढता येत नव्हती. म्हणजे संस्था टिकाऊ होती, सर्वांची नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. त्याचे महत्त्व मराठवाड्याच्या संदर्भात इथे कळते. जुन्या दानाच्या कक्षेबाहेर ठेवलेल्यांना नवी संस्था मुळापासून उभारावी लागली.

खासगीची रक्कम

जमिनीच्या उत्पन्नाऐवजी रोख रक्कम बांधून दिली की काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण होळकरांच्या खासगीचे आहे. अंबडचे खंडोबाचे मंदिर अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेले असल्याने आमच्या भागाला ते परके नाही.

पहिल्या बाजीरावाने १७३४ मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना स्वतंत्र उत्पन्न लावून दिले. तेथून होळकरांच्या घरात दोन खाती झाली. दौलत म्हणजे राज्याचा पैसा आणि खासगी म्हणजे घरातील राणीचा पैसा. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत घाट, मंदिरे, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या प्रामुख्याने खासगीतून. फौजेचा खर्च आणि धर्मादाय यांची सरमिसळ त्यांनी होऊ दिली नाही. दानाचा हिशेब राज्याच्या हिशेबापासून वेगळा ठेवणे ही आपल्याकडच्या संस्थात्मक दानाच्या इतिहासातील फार मोठी पायरी आहे.

होळकर संस्थान विलीन झाल्यावर खासगीच्या मिळकती सरकारजमा धरल्या गेल्या. त्यांच्या बदल्यात सरकारने दरवर्षी कायमस्वरूपी २,९१,९५२ रुपये द्यायचे ठरले. या धर्मादायांच्या कारभारासाठी १९६२ मध्ये विश्वस्तपत्र करून खासगी ट्रस्ट स्थापन झाला. आकडा पुन्हा पाहा. तो तेव्हा लहान नव्हता. पण तो आकडा होता, शेत नव्हते. पन्नास-साठ वर्षांत चुन्याचा, लाकडाचा आणि गवंड्याच्या मजुरीचा भाव किती पट झाला, ते वाचकाला सांगायला नको. देशभर पसरलेल्या घाटांची आणि मंदिरांची डागडुजी त्या रकमेत होणे शक्य नव्हते. पुढे काही मिळकतींच्या विक्रीवरून वाद झाला, तो उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०२२ मध्ये हा ट्रस्ट मध्य प्रदेशच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कक्षेत येतो, असा निर्णय झाला.

विक्रीच्या वादात कोणाचे चुकले हा न्यायालयाचा विषय. इतिहासाच्या अभ्यासकाने नोंद घ्यावी ती एवढीच, की वाढत्या खर्चाला न वाढणारी रक्कम बांधली की संस्थेवर आपलीच मालमत्ता विकण्याची वेळ येऊ शकते. दानाचा आकडा बदलला नाही, तरी दान दरवर्षी थोडे कमी होत असते.

पाटी दात्याची, पगार सरकारचा

एकोणिसाव्या शतकात जालन्याला वेगळ्या प्रकारचा पैसा आला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मराठी पाद्री नारायण शेषाद्री यांनी १८६० च्या दशकात जालना परिसरात काम सुरू केले. सालारजंगांच्या कारभारात निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल हे गाव वसवले. शाळा आणि पुढे रुग्णालय या मार्गाने मिशनचे काम वाढले. पैसा समुद्रापलीकडच्या वर्गणीदारांचा, जमीन निजामाची आणि रोगी व विद्यार्थी इथले. दाता आणि लाभार्थी एकमेकांना कधीही पाहणार नाहीत, अशा दानाची आमच्या जिल्ह्यातली ही सुरुवात म्हणता येईल. अशा दानात अहवालाला महत्त्व येते. ज्याने पैसे दिले त्याला काम दिसत नाही, म्हणून ते लिहून कळवावे लागते. आजच्या प्रतिष्ठानांना पाठवले जाणारे छायाचित्रांसह अहवाल याच परंपरेतले.

स्वातंत्र्यानंतर शहरातील व्यापारी पुढे आले. जालन्याच्या जे. ई. एस. महाविद्यालयाचे पूर्ण नाव वाचले की एक काळ समोर उभा राहतो. आर. जी. बगडिया कला, एस. बी. लखोटिया वाणिज्य आणि आर. बेझनजी विज्ञान महाविद्यालय. मारवाडी आणि पारशी घराण्यांची नावे तीन विद्याशाखांना मिळाली आहेत. निजामी राजवटीत खासगी शाळांवर बंधने होती. त्यामुळे मराठवाड्यात शिक्षणाची भूक साचलेली होती आणि सरकार एकट्याने ती भागवू शकत नव्हते. व्यापाऱ्यांनी इमारतींना पैसा दिला, वेतनाचा भार अनुदानाच्या रूपाने शासनाकडे गेला. घनसावंगी, अंबड परिसरात हायस्कुले, वसतिगृहे निघाली त्यांचाही साचा साधारण हाच होता. गावाने जागा द्यायची, दात्याने खोली बांधायची, संस्थेने मान्यता आणायची आणि मास्तरांचा पगार सरकारने करायचा.

हा साचा फार यशस्वी ठरला. माझ्या पिढीतले जे शिकले ते याच शाळांतून शिकले. त्याने दिवाबत्तीचा प्रश्न राज्याच्या तिजोरीवर टाकून सोडवला. अनुदान वेळेवर येत होते तोवर कोणाला काही जाणवले नाही. विनाअनुदानित तुकड्या सुरू झाल्या, शिक्षकेतर भरती रखडू लागली, तेव्हा जाणवू लागले की पाटीवरच्या दात्याने झाडूवाल्याची सोय केलेली नाही. त्याला दोष देता येत नाही, कारण ते काम दुसऱ्याने घेतलेले होते.

जालन्यातच याच काळात वेगळी वाट दिसते. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिको ही बियाणे कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. उद्योगातून आलेला पैसा त्यांनी शाळेकडे आणि श्री गणपती नेत्रालयाकडे वळवला. नेत्ररुग्णालय ही अशी संस्था आहे की तिला स्वतःचे उत्पन्न असू शकते. मदुरैच्या अरविंद नेत्ररुग्णालयाने १९७६ पासून हे सिद्ध केले आहे. पैसे देऊ शकणाऱ्या रोग्यांच्या शुल्कातून न देऊ शकणाऱ्यांच्या शस्त्रक्रिया होतात. दाता सुरुवात करून देतो, पुढे संस्था आपल्या पायावर उभी राहते. ग्रंथालय, प्राथमिक शाळा किंवा तलाव यांना ही सोय नाही. त्यांची दिवाबत्ती बाहेरूनच करावी लागते.

टाटांचे दोन धडे

मोठ्या प्रतिष्ठानांच्या बाबतीत काय झाले ते पाहण्यासाठी मुंबईकडे वळावे लागेल. सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२ मध्ये स्थापन झाला. त्याने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था काढली, जी आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १९४१ मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले.

रुग्णालयाचा ताबा १९५७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने घेतला आणि १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. नाव टाटांचे राहिले, खर्च देशाचा झाला. मराठवाड्यातून कर्करोगावर उपचारासाठी परळला जाणारा माणूस आजही ‘टाटाला चाललो’ असे म्हणतो. प्रतिष्ठानाने सुरू केलेले काम सरकारने पूर्णपणे आपले मानले, तर ते किती दूरवर पोहोचते, हा पहिला धडा.

दुसरा धडा ताजा आहे आणि त्याचा एक धागा मराठवाड्यात येतो, कारण सामाजिक विज्ञान संस्थेचे एक केंद्र तुळजापूरला आहे. जून २०२४ च्या अखेरीस या संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील शंभराहून अधिक कर्मचाऱ्यांना करार पुढे चालू राहणार नसल्याच्या नोटिसा मिळाल्या. त्यांत सुमारे ५५ अध्यापक होते. त्यांचे वेतन टाटांच्या न्यासाकडून मिळणाऱ्या ठरावीक मुदतीच्या अनुदानातून होत होते. निधी देण्याचे आश्वासन मिळाल्यावर काही दिवसांतच नोटिसा मागे घेतल्या गेल्या. पण तेवढ्या दिवसांत एक गोष्ट स्पष्ट झाली. ज्या संस्थेला त्या ट्रस्टनेच जन्म दिला, तिथेही शिकवणाऱ्याची नोकरी दात्याच्या पुढच्या पत्रावर अवलंबून राहू शकते.

तीन वर्षांचे दान

आता फलकाकडे येऊ. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. जालना हे बियाण्यांचे आणि लोखंडी सळयांचे शहर असल्याने या पैशाचा ओघ जिल्ह्याला नवा नाही.

या कायद्याच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाले. त्यांतले तीन आपल्या विषयाला थेट भिडतात. एक, चालू प्रकल्पाची मुदत सुरुवातीचे वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षे. दोन, कंपनीच्या पैशातून निर्माण झालेली मालमत्ता कंपनीच्या नावावर राहू शकत नाही. ती नोंदणीकृत संस्था, लाभार्थ्यांचे गट किंवा सार्वजनिक प्राधिकरण यांच्याकडे द्यावी लागते. तीन, एखाद्या संस्थेच्या कायम निधीत दिलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही.

हे नियम पैशाचा गैरवापर थांबवण्यासाठी आले आणि त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. निधीत टाकलेला पैसा नुसता पडून राहिला तर काम झाले असे कसे म्हणायचे? पण इतिहासाच्या अंगाने पाहिले तर याचा अर्थ फार मोठा आहे. जमीन लावून देणे म्हणजे संपूर्ण कायम निधीच होता. आजचे सर्वांत मोठे संस्थात्मक दान त्याच्या नेमके उलट टोकाला उभे आहे. ते कायम निधी देऊच शकत नाही. तीन-चार वर्षांनी यंत्र गावाच्या ताब्यात येते आणि दाता निघून जातो. यंत्राची गाळणी बदलायची वेळ बहुधा त्यानंतर येते.

घेणाऱ्याचा वाटा

मग टिकलेली कामे कशामुळे टिकली? मला तीन उदाहरणे महत्त्वाची वाटतात. त्यांतले पहिले दूरचे आहे. अमेरिकेतील पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशातून १८८३ ते १९२९ या काळात जगभर अडीच हजारांवर ग्रंथालये उभी राहिली. कार्नेगी इमारतीचे पैसे देत, पण शहराने आधी जागा द्यावी आणि देणगीच्या १० टक्के रक्कम दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी स्वतः उभी करावी, अशी अट सर्वसाधारणपणे घालत. काही गावांनी ही अट नाकारली आणि देणगीही सोडली. ज्यांनी मान्य केली त्यांनी पहिल्या दिवसापासून ग्रंथालय आपल्या खर्चाच्या यादीत घेतले.

दुसरे उदाहरण जालना तालुक्यातील कडवंचीचे. विजयअण्णा बोराडे यांच्या मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने १९९० च्या दशकात तिथे इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम केले. पैसा जर्मनीचा होता, तो नाबार्डमार्फत आला. पण या कार्यक्रमाच्या अटी गावावर होत्या. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान आणि देखभालीसाठी गावाचा निधी. गावाने आधी थोडे काम करून दाखवायचे, मग मोठा पैसा मिळायचा. पुढे तिथे द्राक्षबागा आणि शेततळी वाढली. शेततळी भूजल उपसून भरण्याच्या राज्यभरातल्या प्रथेवर अभ्यासकांनी घेतलेला आक्षेप रास्त आहे आणि तो इथेही विसरता कामा नये. तरी बांध आणि चर दात्याच्या जाण्यानंतरही कामाचे राहिले, कारण ते राखण्यात शेतकऱ्याचा रोजचा स्वार्थ होता.

तिसरे उदाहरण जालना शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडी जलाशयाचे. निजामी काळातल्या या तलावात गाळ साचत गेला. दुष्काळी वर्षांत शहरातील नागरिकांनी आणि उद्योजकांनी एकत्र येऊन तो काढायला घेतला आणि गाळ शेतकऱ्यांनी शेतात नेला. २०१७ मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली, तिच्यातही मूळ विभागणी अशीच होती. खोदण्याच्या यंत्राचा आणि इंधनाचा खर्च सरकार आणि सामाजिक संस्थांचा, वाहतूक शेतकऱ्याची. ज्याला गाळ हवा तो स्वतःच्या ट्रॅक्टरने येणार, म्हणून काम कागदावर राहत नाही. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि आमच्या मराठवाड्यातील अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू केलेल्या स्पर्धेचाही पाया प्रशिक्षण आणि श्रमदान हाच होता. स्पर्धा संपल्यानंतरच्या पावसाळ्यांत चर कोणी साफ केले, यावर त्या गावांचा खरा निकाल ठरतो.

तिन्ही उदाहरणांत दाता वेगळा, देश वेगळा, काळ वेगळा. सारखे आहे ते हे की घेणाऱ्याने पहिल्या दिवशीच आपला वाटा उचलला. याचा अर्थ गरीब गावावर खर्च लादावा असा मी काढत नाही. वाटा श्रमाचा असू शकतो, वेळेचा असू शकतो, ग्रंथालयाची किल्ली सांभाळण्याचा असू शकतो. ज्यांना श्रमदान परवडत नाही त्या भूमिहीन घरांकडून फुकट काम करून घेऊन बागायतदाराच्या शेताला पाणी मिळत असेल, तर तो जुन्या इनामातला अन्यायच नव्या नावाने आला म्हणायचा. वाटा लाभाच्या प्रमाणात असला पाहिजे.

घनसावंगी आणि तीर्थपुरी येथे आता नगरपंचायती आहेत, इतर गावांत ग्रामपंचायती आहेत. कोणतेही प्रतिष्ठान काही द्यायला आले, तर स्वीकारण्याचा ठराव करतानाच चार गोष्टी लिहून घ्याव्यात. वस्तू कोणाच्या नावावर राहणार, वर्षाला तिच्यावर किती खर्च येणार, तो कोणत्या खात्यातून होणार आणि बिघडली तर कोणाकडे जायचे. दात्याकडे मागायचेच असेल, तर एक खोली कमी मागून त्या पैशात माणसे शिकवून घ्यावीत. वायरमन, पंप दुरुस्त करणारा, ग्रंथालय चालवणारी मुलगी. प्रशिक्षणावरचा खर्च कायम निधीत मोडत नाही, त्याला कायद्याची आडकाठी नाही आणि शिकलेले हात दात्याबरोबर गाव सोडून जात नाहीत. गावाच्या ठराव-वहीत असा एक ठराव झाला, तर पुढच्या पन्नास वर्षांनी या तालुक्याचा इतिहास लिहिणाऱ्याला फलकाखेरीज आणखी एक कागद हाती लागेल.